टुलिया गावचे मस्टर

अनुदान हा शब्द आमच्या पोटापाण्याचा आहे. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून आम्ही लेखा शाखेत कारकुनी करीत आहोत. आमच्या टेबलावरून रुपया जातो तो कागदावरून जातो. अनुदान आले की त्याच्या मागोमाग लेखाशीर्ष येते, अटी-शर्ती येतात, उद्दिष्ट येते, तिमाही अहवाल येतो, उपयोगिता प्रमाणपत्र येते. मार्चअखेर जवळ आला की वरून फोन येतो, "खर्च कुठपर्यंत आला?" काम कुठपर्यंत आले, असे विचारणारा फोन आम्हाला तरी आजवर आलेला नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की आमच्या वस्तीतील विहारात रविवारी सायंकाळी मुलांचा अभ्यासवर्ग असतो. तेथे एकदा अमेरिकेतील काळ्या समाजाचा विषय निघाला. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून जीव घेतला, हे मुलांना मोबाईलवरून ठाऊक होते. बारावीतील एका मुलीने विचारले, "काका, तिथल्या साध्या गावच्या पोलिसांकडे लष्करासारख्या गाड्या कुठून आल्या? पैसे कोण देतं त्यांना?" बाकीची मुले हसली. आम्हाला मात्र हा प्रश्न आमच्याच टेबलावरचा वाटला. मग सवडीने वाचीत गेलो. आज जे लिहीत आहोत ते त्या वाचनातून आलेले आहे.

वाचक बंधु-भगिनींनी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पोलीस खाते राज्य सरकारचे असते. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रत्येक शहराचे, गावाचे, परगण्याचे पोलीस वेगळे. परगण्याचा शेरीफ तर निवडून येतो, आपल्याकडे सरपंच निवडून यावा तसा. अशी सुमारे १८ हजार लहानमोठी पोलीस दले त्या देशात आहेत. त्यांचा पगार गावच्या करातून निघतो. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला त्यांना थेट हुकूम देता येत नाही. पण ज्याला हुकूम देता येत नाही, त्याला अनुदान देता येते! आणि अनुदान घेणाऱ्याला अटी पाळाव्याच लागतात. कारकुनाला हे समजावून सांगावे लागत नाही.

यातील सर्वांत गाजलेल्या अनुदानाला एका तरुण पोलिसाचे नाव आहे, एडवर्ड बर्न. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात साउथ जमैका नावाची वस्ती आहे, बहुतांश काळ्या कष्टकऱ्यांची. १९८५ नंतर तेथे क्रॅक नावाच्या कोकेनच्या खड्यांनी धुमाकूळ घातला. गयाना देशातून येऊन तेथे घर केलेल्या एका गृहस्थाने आपल्या रस्त्यावरच्या विक्रेत्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. त्याच्या घरावर पेटते बॉम्ब फेकले गेले, तरी तो मागे हटला नाही. त्याच्या घरासमोर पहारा बसविण्यात आला. २६ फेब्रुवारी १९८८ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहाऱ्याच्या गाडीत बर्न एकटाच बसला होता. पाचच दिवसांपूर्वी त्याला बावीस वर्षे पूर्ण झाली होती. तुरुंगात बसलेल्या एका विक्रेत्याच्या हुकमावरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्याच्या डोक्यात गोळ्या घातल्या.

साऱ्या देशाला धक्का बसला. बर्नचे वडीलही निवृत्त पोलीस अधिकारी. त्यांनी मुलाचा बिल्ला त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक लढविणाऱ्या जॉर्ज बुश यांच्या हाती दिला आणि तो बिल्ला बुश यांनी पुढे जपून ठेवला. १९८८ च्याच नोव्हेंबरात अमली पदार्थविरोधी नवा कायदा झाला. त्यातून राज्यांना आणि गावांना जे अनुदान सुरू झाले, त्याला बर्नचे नाव देण्यात आले.

येथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पोलीस हवेत, ही मागणी त्या वस्तीची स्वतःचीही होती. ज्यांची मुले जिन्यात मरून पडत होती, त्या आयाच पोलिसांना बोलावीत होत्या. १९८६ च्या कडक कायद्याला काळ्या समाजातील काही लोकप्रतिनिधींनीही पाठिंबा दिला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचे चार्ल्स रँगेल त्यांत पुढे होते. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. ज्याच्या वस्तीत गर्द विकला जात नाही, त्याने ती ठेवू नयेत.

मग बिघडले कोठे? ते हिशेबात बिघडले, असे आमचे मत झाले आहे.

त्या काळात एकामागून एक कायदे झाले. १९८४ च्या कायद्याने असे ठरले, की गुन्ह्याशी संबंध आहे म्हणून जप्त केलेला पैसा, गाडी, घर यांच्या किमतीपैकी ८० टक्क्यांपर्यंत वाटा स्थानिक पोलिसांना परत मिळू शकेल. म्हणजे जप्ती हेच उत्पन्नाचे साधन झाले. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांची कैद ठरविली. तेवढीच कैद भुकटी स्वरूपातील कोकेनला व्हावी, तर ते ५०० ग्रॅम असायला हवे! माल मुळात एकच. भुकटी पैसेवाल्या गोऱ्यांच्या मेजवान्यांत, खडा गरीब काळ्यांच्या गल्लीत. एकास शंभर हे प्रमाण चोवीस वर्षे टिकले. २०१० साली ते एकास अठरावर आले. एकास एक ते अजूनही झालेले नाही.

आणि या सगळ्यावर १९८८ नंतर बर्न अनुदान आले. सुरुवातीच्या नियमांत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असा होता. त्यातला बराच पैसा टास्क फोर्स नावाच्या पथकांवर गेला. चार-सहा परगण्यांच्या पोलिसांनी एकत्र येऊन अमली पदार्थांसाठी एक पथक काढायचे, आणि त्याचा पगार, गाड्या, वायरलेस, खबऱ्यांचे पैसे हे सारे अनुदानातून भागवायचे. पुढच्या वर्षीचे अनुदान हवे असेल तर यंदा काय केले ते दाखवायचे. दाखवायचे कशावरून? किती अटका केल्या आणि किती माल पकडला, यावरून.

आता आम्ही कारकून म्हणून विचार करतो. समजा आमच्याकडे असे पथक आहे. मोठ्या व्यापाऱ्याला पकडायचे तर दोन वर्षे पाळत ठेवावी लागेल, बँकेची खाती तपासावी लागतील, तो वकील आणील, कदाचित सुटेलही. दोन वर्षांच्या अहवालात रकाना कोरा. उलट गल्लीच्या तोंडावर उभी राहणारी वीस पोरे एका रात्रीत मिळतात. अहवालात वीस ही वीसच दिसतात. तिमाही तक्त्यात एका अटकेच्या जागी एकच अटक बसते, मग ती मोठ्या माशाची असो की पोराची. कोणी मुद्दाम काळ्यांचा द्वेष करावा लागत नाही. तो असतोच, पण नसता तरी या तक्त्याने पोलिसाला गरीब गल्लीतच धाडले असते. गांजा ओढण्याचे प्रमाण काळ्यांत आणि गोऱ्यांत साधारण सारखेच. तरीही गांजाखाली काळ्याची अटक होण्याची शक्यता जवळजवळ पावणेचार पट, असे तेथील नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१३ साली सरकारी आकडेवारीवरूनच दाखवून दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रेनन सेंटर या संस्थेने बर्न अनुदानाच्या कामगिरीच्या तक्त्यावर नेमके बोट ठेवले. तक्ता तेव्हा अटका मोजत होता, गुन्हे घटले की नाही हे मोजीत नव्हता.

आता टुलियाची गोष्ट सांगतो.

टुलिया हे टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाचे शेतीचे लहान गाव. लोकवस्ती पाच हजार, काळे लोक चारशेच्या आतबाहेर. तेथे टॉम कोलमन नावाचा एक गोरा माणूस छुपा पोलीस म्हणून नेमला गेला. पगार प्रादेशिक टास्क फोर्सचा, म्हणजे शेवटी बर्न अनुदानाचा. दीड वर्ष तो वेष पालटून काळ्या वस्तीत वावरला. २३ जुलै १९९९ च्या पहाटे धाडी पडल्या. ४६ जणांना अटक झाली, त्यांत चाळीसच्या आसपास काळे. म्हणजे गावातील दर दहा काळ्या माणसांत एक, लेकरे-म्हातारी धरून! अर्ध्या कपड्यांवर, झोपेतून उठवून त्यांना दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांपुढून नेण्यात आले. गावच्या वर्तमानपत्राने आनंदाने छापले, की रस्त्यांवरचा कचरा साफ झाला.

धाडीत मिळाले काय? अमली पदार्थ नाही, रोकड नाही, हत्यार नाही. ज्यांना कोकेनचे व्यापारी म्हटले, त्यांची घरे पडकी होती. पुरावा एकच, कोलमनचा शब्द. ध्वनिमुद्रण नाही, चित्रीकरण नाही, दुसरा साक्षीदार नाही. नोंदी कोठे ठेवल्यास, असे विचारले तर म्हणे मांडीवर लिहून घेत होतो! आमच्या कार्यालयात चहाच्या बिलालाही यापेक्षा मोठा कागद लागतो. पण ज्युरीला तेवढे पुरले. पहिल्याच खटल्यांत साठीकडे झुकलेल्या, डुकरे पाळून पोट भरणाऱ्या एका माणसाला नव्वद वर्षांची शिक्षा झाली. ती ऐकून बाकीचे हादरले. निर्दोष असूनही कित्येकांनी गुन्हा कबूल करून कमी शिक्षा पदरात पाडून घेतली. आणि कोलमनला? त्या वर्षीचा राज्यातील उत्कृष्ट पोलीस म्हणून पुरस्कार! याच कोलमनवर आधीच्या नोकरीतील पेट्रोल चोरीचा आरोप होता आणि ही कामगिरी चालू असतानाच त्याच्यावर वॉरंट निघाले होते. वरिष्ठांना ते ठाऊक असूनही त्याला कामावर ठेवले होते.

या काळोखात पहिले छिद्र कशाने पडले, हे वाचताना आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. एका आरोपीच्या बाबतीत कोलमनने जी वेळ सांगितली होती, त्या वेळी तो माणूस आपल्या कामावर हजर होता. त्याच्या हजेरीच्या कार्डावर वेळ होती आणि मालकाने तशी साक्ष दिली. त्याच्यावरचा खटला उभा राहिला नाही. दुसरी एक बाई. तिने माल विकला असे ज्या दिवशी म्हटले होते, त्या दिवशी ती शेकडो मैल दूर ओक्लाहोमा सिटीत होती आणि तेथील बँकेत तिने व्यवहार केला होता. बँकेच्या कागदावर तारीख होती. २००२ साली तिच्यावरचा आरोप मागे घ्यावा लागला. मोठमोठी भाषणे जे करू शकली नाहीत, ते मस्टरने आणि बँकेच्या पावतीने केले. आमच्या धंद्याला लोक हसतात, रकाने भरणारे म्हणतात. भरलेला रकाना गरिबाच्या किती कामी येतो, ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारावे. आणि ज्यांना मस्टर नव्हते, ज्यांचे बँकेत खाते नव्हते, जे रोजंदारीवर होते किंवा त्या दिवशी घरीच झोपले होते, ते सगळे आत गेले.

पुढे अमॅरिलो शहरातील एक वकील आणि न्यूयॉर्कहून आलेले काही तरुण वकील यांनी ही प्रकरणे हाती घेतली. त्यांत पुढे होती वनिता गुप्ता, भारतातून गेलेल्या आई-वडिलांची मुलगी, कायद्याची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागलेली. ती ज्या कायदेविषयक निधीत काम करीत होती, तो निधी एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या जुन्या संघटनेतून निघालेला. त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून, काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दलित पँथरचे नाव १९७२ साली कोठून घेतले, तेही ठाऊक आहे. तेव्हा टुलियाच्या लोकांची चौकशी आपण करू लागलो तर ती परक्याच्या घरात डोकावणे ठरू नये.

२००३ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांपुढे फेरसुनावणी झाली आणि कोलमनचा शब्द विश्वास ठेवण्याजोगा नाही, असा निष्कर्ष निघाला. २२ ऑगस्ट २००३ रोजी टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. तोवर काहींची चार वर्षे तुरुंगात गेली होती. पुढे सर्व मिळून सुमारे ६० लाख डॉलर नुकसानभरपाई ठरली आणि ते टास्क फोर्स मोडीत निघाले. कोलमनवर खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा २००५ साली शाबीत झाला. शिक्षा काय, तर दहा वर्षांचे प्रोबेशन. तुरुंग नाहीच. नव्वद वर्षे आणि प्रोबेशन, हे दोन आकडे वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

टुलिया हे एकटे गाव नव्हते. त्याच राज्यात हर्न नावाच्या गावी २००० साली एकाच खबऱ्याच्या शब्दावर असेच काळ्या वस्तीतील लोक धरले गेले आणि पुढे खटले सोडून द्यावे लागले. तेव्हा कोठे २००१ साली टेक्सासने कायदा केला, की नुसत्या खबऱ्याच्या शब्दावर अमली पदार्थांच्या गुन्ह्यात कोणाला दोषी ठरविता येणार नाही, जोडीला दुसरा पुरावा हवा.

आता त्या मुलीचा प्रश्न, लष्करी गाड्यांचा. त्याचा रस्ता वेगळा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे जादा झालेले सामान पोलिसांना अमली पदार्थांविरुद्ध वापरण्यासाठी द्यावे, अशी तरतूद १९९० च्या सुमारास झाली आणि १९९६ साली मंजूर झालेल्या कायद्याच्या १०३३ व्या कलमाने ती कायम व मोठी झाली. सामान फुकट, पोलिसांनी फक्त वाहतुकीचा खर्च करायचा. रायफली, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, सुरुंगाला दाद न देणाऱ्या चिलखती गाड्या, त्याचबरोबर टेबल-खुर्च्या आणि सतरंज्याही. मूळ किमतीने धरले तर सात अब्ज डॉलरहून अधिक सामान असे वाटले गेले. यातली एक अट वाचून आम्हाला हसू आले आणि मग हसू राहिले नाही. सामान मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत ते वापरात आणले पाहिजे. म्हणजे डेडस्टॉकमध्ये पडून राहिले तर शेरा! चिलखती गाडी गावात आली, आता ती वापरायची कोठे? गावात युद्ध तर नाही. मग कोणाच्या तरी दारात न्यावी लागते. विशेष सशस्त्र पथकांच्या धाडी कशासाठी पडतात, ते नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१४ साली तपासले. तिने अभ्यासलेल्या धाडींपैकी ६२ टक्के अमली पदार्थांच्या झडतीसाठी होत्या.

न्यू हॅम्पशायर राज्यातील कीन या लहानशा शहराने २०१२ च्या सुमारास चिलखती गाडीसाठी केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे अर्ज केला. धोका काय दाखवायचा? अर्जात त्यांनी शहरातील भोपळ्यांच्या वार्षिक जत्रेचा उल्लेख केला! अर्ज मंजूर झाला. आम्ही आजवर पुष्कळ प्रस्ताव तयार केले आहेत. पण भोपळ्यावर चिलखती गाडी मिळविण्याची कला आम्हाला साधलेली नाही. त्याहून मोठी गंमत २०१७ ची. तेथील महालेखापालांच्या कार्यालयाने सगळी व्यवस्था तपासण्यासाठी कागदावर एक खोटेच पोलीस खाते उभे केले आणि संरक्षण खात्याकडे सामान मागितले. शंभराहून अधिक नग, किंमत सुमारे १२ लाख डॉलर, त्या नसलेल्या खात्याला मिळाले. ऑडिट म्हणजे काय, ते आमच्या साहेबांनी यावरून शिकावे.

ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात मायकेल ब्राउन या निःशस्त्र काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यापुढे चिलखती गाड्या उभ्या होत्या आणि गाडीच्या टपावर बंदूक रोखलेला पोलीस होता. ती छायाचित्रे जगभर गेली. २०१५ साली ओबामांनी काही सामानावर बंदी घातली, २०१७ साली ट्रम्प यांनी ती उठविली, २०२२ साली बायडेन यांनी पुन्हा निर्बंध आणले आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी ते पुन्हा रद्द केले. सरकार बदलले की बंदूक कोठारातून बाहेर, सरकार बदलले की कोठारात.

बर्न अनुदान सगळेच वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच पैशातून व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठविणारी न्यायालयेही चालली. अशा न्यायालयाची सुरुवात १९८९ साली मायामीत झाली. २००५ नंतर दोन जुनी अनुदाने एकत्र करून नवे बर्न अनुदान केले गेले. त्यात उपचार, प्रतिबंध, पीडितांना मदत ही कामेही बसतात. वाटप निम्मे लोकसंख्येवर, निम्मे हिंसक गुन्ह्यांच्या आकड्यांवर. राज्याला ६० टक्के, गावांना थेट ४० टक्के. २००९ च्या मंदीत ओबामा सरकारने त्यात एकदम दोन अब्ज डॉलर ओतले. म्हणजे लेखाशीर्ष मोठे आहे, आत काय भरायचे ते राज्याच्या हातात आहे. आणि एक योगायोग पाहा. टुलियाचे खटले लढविणारी तीच वनिता गुप्ता २०२१ ते २०२४ या काळात अमेरिकेच्या न्याय खात्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पदावर बसली. ही अनुदाने वाटणारी कार्यालये त्याच पदाच्या देखरेखीखाली येतात.

पण २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच न्याय खात्याने साडेतीनशेहून अधिक अनुदाने मध्येच बंद केली. मूळ रकमा धरल्या तर हा आकडा ८० कोटी डॉलरच्या वर जातो. त्यांत वस्तीपातळीवर हिंसा थांबविणाऱ्या संस्था होत्या, व्यसनमुक्तीची कामे होती. त्याच महिन्यात, लष्कराचे जादा सामान स्थानिक पोलिसांना अधिक द्यावे, असा आदेशही निघाला.

हे सर्व वाचीत असतानाच आमच्या वस्तीतही प्रकरण उभे राहिले. आमच्या लहानपणी गर्द होता. आता एम.डी. आहे, झोपेच्या गोळ्या आहेत, पंक्चरचे सोल्यूशन हुंगणारी दहा-बारा वर्षांची लेकरे आहेत. महिला मंडळाच्या बायका आमच्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही लिहिता, एक अर्ज लिहा. पोलिसांची गाडी रोज वस्तीत आली पाहिजे." आम्ही लिहिला. मागणी खरी होती आणि आजही खरी आहे. अर्जावर शंभरावर सह्या-अंगठे झाले. गाडी आली. पहिल्याच आठवड्यात समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसणारी सात पोरे उचलली. माल विकणारा त्या दिवशी समोरच्या रस्त्यावर चहा पीत उभा होता, हे साऱ्या वस्तीने पाहिले. सातांपैकी एक जण रात्रपाळी करून येऊन बसला होता. त्याची आई अर्जावर पहिली सही करणारी. ती पोलीस ठाण्याच्या पायरीवर दुपारभर बसून राहिली. आम्ही गेलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, मी याच्यासाठी सही केली होती का?" तिला काय सांगावे ते आम्हाला सुचले नाही. मग टुलिया आठवले. पोरगा ज्या कारखान्यात कंत्राटी आहे, तेथे जाऊन सुपरवायझरकडून त्या आठवड्याच्या हजेरीची प्रत आणली. सायंकाळी तो सुटला. ती प्रत आणली म्हणूनच सुटला, असे आमचे म्हणणे नाही. पण टेबलावर कागद ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला, एवढे खरे. दोघांना घरच्यांनी दुसऱ्या दिवशी सोडवून आणले. बाकीचे चार कसे सुटले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आपल्याकडेही पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. गाड्या, शस्त्रे, कॅमेरे, प्रयोगशाळा या सर्वांची गरज आहे, ती आम्ही नाकारीत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत आला तर आत बसलेला निरपराधच लवकर सुटेल. पण या पैशाचा हिशेब नुसत्या अटकांवर मांडू नये. पकडलेल्यांत विकणारे किती आणि ओढणारे किती, हे दोन रकाने वेगळे असावेत. एवढ्यासाठी आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांनी उत्तर आले : माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे वाक्य आम्हीही कार्यालयात टाइप केलेले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ आम्हाला कळतो. अपील केले आहे.

महिला मंडळाचा दुसरा अर्जही तयार करून दिला. पहिली मागणी तीच ठेवली, गाडी रोज यावी. दुसरी, सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी खाटा राखून ठेवाव्यात आणि अठरा वर्षांखालच्या पोराला ठाण्यात न बसविता तेथे न्यावे. तिसरी, वस्तीतून कोणाला नेले तर नाव, वेळ आणि कारण घरच्यांना लेखी द्यावे. या अर्जावरही पहिली सही त्याच आईची आहे. सही करण्याआधी तिने तिन्ही मागण्या पोराकडून दोनदा वाचून घेतल्या. अर्जाला आवक क्रमांक मिळालेला आहे. पोचपावतीची झेरॉक्स विहाराच्या फलकावर लावली आहे.